सूर्याची रचना आणि सौर सक्रियता : बेळगाव सीमाभागाच्या संदर्भात

सूर्य म्हणजे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम यांच्या विद्युतभारित वायूचा, प्लाझ्माचा, स्वतःच्याच गुरुत्वाने बांधलेला गोळा. त्याच्या चुंबकीय क्षेत्रातील उलथापालथीमुळे दिसणारे डाग, भडकणाऱ्या ज्वाला आणि अवकाशात फेकले जाणारे द्रव्य यांना मिळून सौर सक्रियता म्हणतात.

सूर्य केवढा आहे याचा अंदाज घरबसल्या येतो. खानापूर-जांबोटीकडच्या कौलारू घरात कौलाच्या बारीक फटीतून जमिनीवर कवडसा पडतो. फट वेडीवाकडी असली तरी कवडसा गोल दिसतो, कारण ती सूर्याची प्रतिमा असते. मे महिन्याच्या सुरुवातीला बेळगावात भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. तेव्हा ३ मीटर उंचीवरच्या फटीतून पडलेला कवडसा साधारण २८ मिलिमीटरचा भरतो. उंचीला कवडशाच्या रुंदीने भागले की १०७ च्या आसपास आकडा येतो. सूर्याचे पृथ्वीपासूनचे अंतर (सुमारे १५ कोटी किमी) आणि त्याचा व्यास (सुमारे १३.९ लाख किमी) यांचे गुणोत्तरही तेच. ग्रहणात सगळे कवडसे एकदम चंद्रकोरीसारखे होतात ते यामुळेच.

सूर्याच्या गाभ्यात तापमान सुमारे दीड कोटी अंश सेल्सियस असते. तिथे दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनाचे हेलियम होते आणि त्यातले ४० लाख टनांहून अधिक वस्तुमान ऊर्जेत बदलते. ही ऊर्जा गाभ्याभोवतीच्या प्रारण विभागातून अणूंवर आपटत, दिशा बदलत, हजारो वर्षे रेंगाळत बाहेर सरकते. पृष्ठभागापासून मात्र पृथ्वीपर्यंत यायला प्रकाशाला अवघी ८ मिनिटे २० सेकंद लागतात. त्रिज्येचा बाहेरचा जवळजवळ तिसरा हिस्सा हा संनयन विभाग. काहिलीत उसाचा रस जसा तळातून उसळून वर येतो आणि कडेने पुन्हा खाली जातो, तसा इथे तप्त वायू वर-खाली होत राहतो. त्याच्या वरचा, आपल्याला दिसणारा थर म्हणजे दीप्तिगोल. त्याचे तापमान सुमारे ५,५०० अंश. त्यावर पातळ, लालसर वर्णगोल, आणि त्याहून वर लाखो किलोमीटर पसरलेले प्रभामंडल, म्हणजेच करोना. प्रभामंडलाचे तापमान दहा लाख अंशांच्या वर आहे. चुलीपासून दूर जावे तसा चटका वाढावा, असा हा प्रकार आहे. त्यामागे चुंबकीय ऊर्जा आहे हे मान्य असले, तरी ती नेमकी कशी पोचते यावर अजून वाद आहे.

सूर्य घन नसल्यामुळे त्याचे विषुववृत्त सुमारे २५ दिवसांत फिरते, ध्रुवांकडचा भाग मात्र दहाएक दिवस मागे पडतो. या ओढाताणीत चुंबकीय रेषांना पीळ बसतो. पीळ घट्ट झाला की रेषा पृष्ठभाग फोडून वर येतात, तिथे आतून येणारी उष्णता अडते आणि तो भाग काळपट दिसतो. हाच सौरडाग. डागांची संख्या सरासरी ११ वर्षांनी वाढते-घटते, हे श्वाबे या जर्मन निरीक्षकाने १८४३ मध्ये मांडले. डागांमधले चुंबकत्व हेल या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये सिद्ध केले, तर डागांमधून वायू बाहेरच्या बाजूला वाहतो हे एव्हरशेड या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये कोडाईकनालच्या वेधशाळेतून दाखवले. या चढउताराचे सध्याचे, पंचविसावे चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले.

सीमाभागाचा या इतिहासाशी आलेला संबंध बहुतेकांच्या स्मरणातून गेला आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकणातून विजापूर, गुंटूरकडे गेली. अथणीहून कृष्णा ओलांडल्यावर लागणारे जमखंडी तेव्हा पटवर्धनांचे संस्थान होते. आज ते बागलकोट जिल्ह्यात आहे. तिथे लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारे यंत्र, लावून बसला होता. श्रावणातले ढग आडवे येत होते. ढगांच्या फटींतून त्याला सूर्याच्या कडेबाहेर झेपावलेल्या वायूच्या ज्वालांच्या वर्णपटात लाल, नारिंगी आणि निळी अशा तीन तेजस्वी रेषा दिसल्या. नारिंगी रेषा त्याला सोडियमची वाटली. ती हेलियमची होती. हे मूलद्रव्य पृथ्वीवर सापडायला १८९५ साल उजाडले. गुंटूरला जान्सेन या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने त्याच दिवशी तशाच रेषा पाहिल्या आणि नाव त्याचे झाले.

मराठीत मात्र हेलियमचे श्रेय विजयदुर्गाला देण्याची रूढी आहे. लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १८६८ मध्ये किल्ल्यावरून हेलियम शोधला, असे लेखांत आणि भाषणांत ठामपणे सांगितले जाते. ते खरे नाही. लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्ये होता. ऑक्टोबरमध्ये त्याने ग्रहणाशिवायच ज्वालांचा वर्णपट घेतला. विजयदुर्गला तो आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. दोन ग्रहणांची सरमिसळ होऊन आख्यायिका तयार झाली, आणि जमखंडी बाजूलाच राहिली.

याच हर्शेल घराण्याचा आणि लॉकियरचा दुसरा धागा दुष्काळाचा. जमखंडीच्या हर्शेलचे आजोबा, युरेनसचा शोध लावणारे विल्यम हर्शेल, यांनी १८०१ मध्ये डागांची संख्या आणि गव्हाचे भाव यांची सांगड घालून पाहिली होती. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात बेळगाव, धारवाड आणि कलादगी हे जिल्हे होरपळत असताना लॉकियर आणि ब्रिटिश सरकारी अधिकारी हंटर यांनी डाग कमी असले की मद्रासकडे पाऊस कमी पडतो, असा निबंध १८७७ मध्ये लिहिला. कल्पना मोहक होती, आणि सरकारी कारभारावरचा दोष सूर्यावर ढकलायला सोयीचीही. पण पुढे ती टिकली नाही. चक्राच्या चढउतारात पृथ्वीवर येणारी एकूण सौरऊर्जा जेमतेम ०.१ टक्क्याने बदलते. कणकुंबीला पावसाळ्यात छत्री मिटत नाही आणि अथणीला टँकर लागतो, यातला फरक सह्याद्रीने केलेला आहे. डोंगराने अडवलेले ढग पश्चिमेला रिते होतात. सूर्य दोन्हीकडे तोच.

सौर सक्रियतेचा खरा परिणाम होतो तो चुंबकीय क्षेत्रावर आणि आयनांबरावर, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या थरांवर. ज्वाला भडकली की तिचे क्ष-किरण आठ मिनिटांत पोचतात आणि दिवसा असलेल्या बाजूला लघुलहरी रेडिओ एकाएकी गप्प होतो. प्रभामंडलातून सुटलेले द्रव्य यायला सहसा एक ते तीन दिवस घेते. ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळले की चुंबकीय वादळ उठते. १ सप्टेंबर १८५९ रोजी कॅरिंग्टन या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने पाहिलेल्या ज्वालेनंतर सुमारे साडेसतरा तासांतच वादळ आले आणि युरोप-अमेरिकेतील तारयंत्रे बंद पडली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) घसरल्याची नोंद झाली. उष्ण कटिबंधातली ती त्या वादळाची मोलाची नोंद आहे. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामचा अडथळा होणार म्हणून ही निरीक्षणे १९०४ मध्ये अलिबागला हलवली. मार्च १९८९ मध्ये अशाच वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांत सुमारे नऊ तास अंधारात गेला.

बेळगाव सुमारे १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे इथून ध्रुवीय प्रकाश दिसण्याची आशा धरू नये. मे २०२४ च्या मोठ्या वादळात लडाखमधील हानलेहून आकाशाची लाली टिपली गेली, ती ३३ अंशांच्या जवळ. इथला त्रास वेगळा. चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे जिथे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जमिनीला समांतर असते ती रेषा, भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते आणि त्याच्या उत्तरेच्या या पट्ट्यात सूर्यास्तानंतर आयनांबरात विरळ बुडबुडे उठतात. विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, चक्र भरात असताना, त्यांतून येणारे उपग्रहांचे संदेश लुकलुकतात. मोबाइलवरचा रस्ता यामुळे सहसा चुकत नाही. पण बांधाची मोजणी सेंटीमीटरात करणाऱ्या यंत्राला फरक पडतो. मे २०२४ मध्ये अमेरिकेत ऐन पेरणीत उपग्रहावर चालणारे ट्रॅक्टर थांबवावे लागले होते. आपल्याकडे मोजणी दिवसा होते, हे एका अर्थी बरेच आहे.

२ सप्टेंबर २०२३ रोजी सुटलेले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून १५ लाख किमीवरच्या, सूर्य-पृथ्वीच्या गुरुत्वाचा मेळ साधणाऱ्या एल-१ बिंदूभोवती स्थिरावलेले आदित्य-एल१ हे भारतीय यान सूर्याकडे अखंड पाहत असते. त्यावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली.

डाग पाहायचे तर कवडसा पुरत नाही, कारण तो फार लहान आणि पुसट असतो. लहान दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडली की मोठे डाग सहज दिसतात. रोज त्याच वेळी पेन्सिलीने खूण केली, तर दोन आठवड्यांत ते एका कडेकडून दुसरीकडे सरकताना दिसतात. दुर्बिणीला डोळा मात्र लावायचा नाही. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म आणि परातीतल्या पाण्यातले प्रतिबिंब, हे जुने तिन्ही उपाय डोळ्यांना घातक आहेत.