लोहकणाचा अंगरखा

तोडलेला ऊस दोन-तीन दिवस उन्हात पडून राहिला, की रस बुळबुळीत होतो आणि साखरेचा उतारा घसरतो. कारखान्याच्या पट्ट्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. हा चिकटपणा असतो डेक्स्ट्रानचा. ल्युकोनॉस्टॉक जातीचे जिवाणू साखरेपासून ग्लुकोजच्या या लांबलचक साखळ्या तयार करतात. कारखान्याला नकोसं असलेलं हेच डेक्स्ट्रान एमआरआयमध्ये फार कामाला आलं: चित्रात फरक नीट दिसावा म्हणून शरीरात सोडायच्या लोहकणांचा लेप म्हणून.

फेरस आणि फेरिक हे लोहाचे दोन प्रकारचे क्षार 1:2 प्रमाणात पाण्यात विरघळवून अमोनिया घातला, की द्रावण बघता बघता काळंकुट्ट होतं. हा मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचं चुंबकीय ऑक्साइड. कण जेमतेम 5-10 नॅनोमीटरचे. इतक्या लहान आकारात ते बाहेर चुंबकीय क्षेत्र असेपर्यंतच चुंबकासारखे वागतात, क्षेत्र गेलं की चुंबकत्वही जातं. पण उघडे कण खारट रक्तात गेले तर त्यांच्या गुठळ्या होतील. म्हणून त्यांना डेक्स्ट्रानचा लेप देतात. त्याच्या साखळ्या पाणी धरून ठेवतात आणि कणांना एकमेकांजवळ येऊ देत नाहीत.

मला खरं नवल वाटतं ते पुढचं: कण शरीरात कुठे पोचणार, हे लोह नव्हे, लेप ठरवतो. लेपासकट 120-180 नॅनोमीटरचे कण यकृतातल्या कुप्फर पेशी, म्हणजे रक्तातले परके कण टिपणाऱ्या पेशी, झटपट गिळतात. लोह साठलं, की तिथल्या पाण्याचा एमआरआय संदेश लवकर विझतो आणि निरोगी यकृत पडद्यावर काळं पडतं. यकृतात पसरलेल्या कर्करोगाच्या गाठीत या पेशी नसतात, ती उजळच राहते. अशा औषधाला अमेरिकेत 1996 मध्ये मान्यता मिळाली होती. पुढे ते बाजारातून गेलं.

लेपासह 15-30 नॅनोमीटरचे कण मात्र यकृताला बरेचसे चुकवून लसिका ग्रंथींपर्यंत जातात. 2003 मध्ये प्रोस्टेट कर्करोगाच्या 80 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या ग्रंथींत रोग पसरला होता, ते सगळेच्या सगळे रुग्ण या तपासणीत ओळखता आले. आकाराने साध्या दिसणाऱ्या ग्रंथींतला रोगसुद्धा सापडला, याचं मोल फार मोठं आहे.

डेक्स्ट्रानची एक अडचण आहे: काहींच्या शरीराला ते सोसत नाही. म्हणून रासायनिक बदल केलेल्या साखळीचा लेप असलेलं फेरुमॉक्सिटॉल आलं. 2009 मध्ये त्याला मान्यता मिळाली ती मूत्रपिंडाच्या रुग्णांमधल्या रक्तक्षयासाठी. एमआरआयसाठी नेहमी टोचलं जाणारं गॅडोलिनियम ज्यांना देता येत नाही, अशांच्या रक्तवाहिन्या पाहायला डॉक्टर ते वापरू लागले. तरीही तीव्र ॲलर्जी पूर्ण टळली नाही. 2015 मध्ये अमेरिकेत त्यावर ठळक इशारा आला. तेव्हापासून ते पातळ करून किमान 15 मिनिटं सलाइनसारखं सावकाश देतात आणि नंतर अर्धा तास रुग्णावर लक्ष ठेवतात.