प्रोजेक्टर जोडताना आणि रिमोट हाताळताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

‘प्रोजेक्टर बंद पडला’ असे सांगणारे बरेच फोन आम्हाला येतात, आणि चौकशी केली की यंत्र ठणठणीत असल्याचे कळते. कुठे लॅपटॉपने चित्र बाहेर पाठवलेलेच नसते, तर कुठे केबल एका पोर्टात खोचलेली असते आणि प्रोजेक्टर दुसऱ्याच पोर्टाची वाट बघत असतो. खोक्यात मिळणारे जाड पुस्तक फारसे कोणी उघडत नाही. त्यातली बरीच पाने इशाऱ्यांनीच भरलेली असतात, त्यामुळे ग्राहकांना दोष तरी कसा द्यायचा? म्हणून हे छोटे पत्रक. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी एकदा वाचा आणि नंतर प्रोजेक्टरच्या पिशवीतच राहू द्या.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करू. रिमोटचे हुकूम प्रोजेक्टरला जातात, लॅपटॉपला नाही. त्यामुळे पडद्यावर काही दिसेना झाले की पहिल्यांदा रिमोटवरचे ‘मेनू’ बटण दाबा. मेनूची चौकट पडद्यावर स्वच्छ उमटली, तर दिवा, भिंग, रिमोट आणि त्याचे सेल सगळे नीट आहे. बिघाड केबलमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये शोधायचा. मेनूही दिसला नाही, तरच प्रोजेक्टरकडे वळायचे. या एका बटणाने निम्मी शोधाशोध वाचते.

जागा आधी, वायर नंतर

प्रोजेक्टर पडद्यापासून किती लांब ठेवायचा हे ‘थ्रो रेशो’ या आकड्यावरून ठरते. तो तांत्रिक माहितीच्या पानावर छापलेला असतो. चित्राची रुंदी गुणिले हा आकडा, म्हणजे अंतर. आकडा १.५ असेल आणि चित्र २ मीटर रुंद हवे असेल, तर प्रोजेक्टर ३ मीटरवर ठेवायचा. ‘शॉर्ट थ्रो’ यंत्रांत हा आकडा १ पेक्षा कमी असतो. ती पडद्याच्या जवळ ठेवूनही मोठे चित्र देतात. झूमची कडी असेल तर थोडे मागेपुढे चालते, पण झूमने भलते अंतर भरून निघत नाही.

टेबल पडद्याच्या मधोमध, समोरासमोर ठेवा. प्रोजेक्टरचे पुढचे पाय उंच करून तोंड वर केले की चित्र वरून रुंद आणि खालून अरुंद होते. हे सरळ करण्यासाठी रिमोटवर ‘कीस्टोन’ बटण असते आणि ते सर्रास वापरले जाते. आमचे मत विचाराल तर ते शेवटचा उपाय म्हणूनच वापरावे. कीस्टोन भिंगाला हलवत नाही. तो चित्रच आत दाबून वेडेवाकडे करतो, म्हणजे ते पडद्यावर सरळ दिसते. या खटाटोपात चित्राचे काही ठिपके (पिक्सेल) वाया जातात आणि बारीक अक्षरे पुसट होतात. सिनेमाला ते खपून जाते, पण आकड्यांचे तक्ते दाखवायचे असतील तर मागच्या रांगेतले लोक डोळे बारीक करतात. आधी टेबलाची उंची बदलून बघा, यंत्र सरळ ठेवून बघा. उरलासुरला तिरकेपणा कीस्टोनने काढा. काही यंत्रांत ‘लेन्स शिफ्ट’ असते. ती भिंगच सरकवते, त्यामुळे तिने चित्र वरखाली केल्यास अक्षरे बिघडत नाहीत.

फोकस सगळ्यात शेवटी, आणि तोही अक्षरांवर. मोकळ्या पांढऱ्या पडद्यावर फोकस लावणे म्हणजे अंदाजपंचे काम. यंत्र तापत जाते तसा फोकस किंचित सरकतो, म्हणून वीसएक मिनिटांनी पुन्हा एकदा बघा.

हवा आत घेण्याच्या आणि बाहेर टाकण्याच्या जाळ्यांपुढे निदान फूटभर जागा मोकळी ठेवा. गादी, सतरंजी किंवा जाड टेबलक्लॉथ यांवर प्रोजेक्टर ठेवू नका, आणि खाली कागद तर मुळीच नको. खालच्या जाळीला कागद चिकटला की काही मिनिटांत यंत्र तापते आणि स्वतःहून बंद होते. मग पुन्हा ‘बंद पडला’ म्हणून फोन!

कोणती केबल कुठे

सोय असेल तर एचडीएमआय वापरा. एकाच केबलमधून चित्र आणि आवाज दोन्ही जातात, शिवाय मध्ये काही जुळवावे लागत नाही. साध्या तांब्याच्या एचडीएमआय केबलवर आम्ही १० मीटरपर्यंत भरवसा ठेवतो. त्याहून लांब जायचे असेल तर ‘ॲक्टिव्ह’ किंवा ऑप्टिकल प्रकारची केबल घ्या. या केबलींना दिशा असते: एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेले असते. सोर्सचे टोक लॅपटॉपला लावा. उलट लावली तर काही जळत नाही, फक्त चित्र येत नाही, आणि छतातून केबल नेल्यावर हे लक्षात आले तर सगळी मेहनत पाण्यात जाते.

व्हीजीए म्हणजे तीन ओळींत १५ पिना असलेले, बहुधा निळ्या रंगाचे पोर्ट. जुन्या यंत्रांवर ते हमखास असते. त्यातून फक्त चित्र जाते, आवाजासाठी ३.५ मिलिमीटरची वेगळी ऑडिओ वायर लावावी लागते. बाजूचे दोन्ही स्क्रू हातानेच पण नीट आवळा. चित्र एकदम पिवळट किंवा गुलाबी दिसू लागले, तर रंगांच्या सेटिंगमध्ये शिरण्याआधी ही केबल काढून तिच्या पिना बघा. लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग व्हीजीएमध्ये वेगवेगळ्या पिनांतून येतात. निळ्याची पिन वाकली किंवा सैल झाली की पांढरे पिवळे दिसते, हिरव्याची सुटली की गुलाबी. पिन वाकलेली दिसली तर ती जोराने आत ढकलू नका.

लॅपटॉपला नुसता टाइप-सी पोर्ट असेल तर थोडे सांभाळून. पोर्टचा आकार तोच असला तरी प्रत्येक टाइप-सीमधून चित्र बाहेर पडत नाही. काहींतून फक्त चार्जिंग होते आणि फायली जातात. थंडरबोल्टची विजेची खूण किंवा डिस्प्लेपोर्टचे चिन्ह असेल तर चित्र मिळते. खूणच नसेल तर मॉडेलची माहिती बघून मगच ॲडॅप्टर घ्या. फोनचेही तसेच: कित्येक फोनच्या टाइप-सीमधून चित्र येतच नाही, ॲडॅप्टर कितीही चांगला असला तरी.

कन्व्हर्टर एकाच दिशेने चालतो. एचडीएमआयचा लॅपटॉप व्हीजीएच्या प्रोजेक्टरला जोडण्याचा कन्व्हर्टर वेगळा आणि त्याच्या उलट काम करणारा वेगळा. दिसायला दोन्ही सारखे असतात, म्हणून घेताना ‘कशातून कशात’ हे स्पष्ट सांगा. प्रोजेक्टरच्या पाठीवरचे यूएसबी पोर्ट मात्र बहुतेक यंत्रांत पेन ड्राइव्हसाठी किंवा दुरुस्तीच्या कामासाठी असते. लॅपटॉपची यूएसबी वायर तिथे लावून चित्र येईल असे गृहीत धरू नका.

जमिनीवरून जाणारी केबल चिकटपट्टीने दाबून टाका. कोणाचा पाय अडकला तर आधी लॅपटॉप खाली येतो.

लॅपटॉपला सांगावे लागते

विंडोजच्या लॅपटॉपवर विंडोजचे बटण दाबून धरा आणि ‘पी’ दाबा. चार पर्याय दिसतात: फक्त लॅपटॉपवर चित्र, दोन्हीकडे सारखे (डुप्लिकेट), पडदा वाढवून (एक्स्टेंड) आणि फक्त प्रोजेक्टरवर. सगळ्यात घोटाळा एक्स्टेंडचा होतो. पडद्यावर नुसते डेस्कटॉपचे चित्र दिसते, त्यावर एकही फाइल नाही, आणि वक्ता घाबरतो. प्रत्यक्षात लॅपटॉपने पडद्याला स्वतःच्या शेजारची दुसरी खिडकी मानलेले असते. नवख्यांनी सरळ डुप्लिकेट निवडावे. ज्यांना पडद्यावर स्लाइड आणि स्वतःसमोर टिपणे हवी असतात त्यांना एक्स्टेंड सोयीचे. मॅकवर हेच डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ‘मिरर’ या नावाने मिळते.

चित्राचे माप (रिझोल्यूशन, म्हणजे आडवे आणि उभे ठिपके किती) प्रोजेक्टरच्या मूळ मापाशी जुळवले की अक्षरे सर्वांत स्वच्छ दिसतात. वर्गांत आणि कार्यालयांत दिसणारी बरीच यंत्रे १०२४ × ७६८ किंवा १२८० × ८०० ची असतात, फुल एचडी म्हणजे १९२० × १०८०. खोक्यावरच्या ‘सपोर्ट’ या शब्दाला भुलू नका. ‘४के सपोर्ट’ याचा अर्थ यंत्र तसा सिग्नल स्वीकारते एवढाच. पडद्यावर मात्र स्वतःच्या मापाइतकेच ठिपके टाकते. ‘सिग्नल नॉट सपोर्टेड’ असा मजकूर आला तर लॅपटॉपवरून माप कमी करा आणि रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटते तो आकडा) ६० हर्ट्‌झवर आणा.

चित्र आले, आवाज नाही? लॅपटॉपवर आवाजाच्या चिन्हावर जाऊन तो कुठून बाहेर पाठवायचा आहे ते निवडा. एचडीएमआय लावल्यावर आवाज बहुधा प्रोजेक्टरकडे वळतो, आणि प्रोजेक्टरचा इवलासा स्पीकर मोठ्या खोलीला पुरत नाही. हॉलचे स्पीकर लॅपटॉपला जोडलेले असतील तर निवड मुद्दाम बदलावी लागते. आणखी एक: सगळे चालते पण पैसे भरून बघायचा चित्रपट लावला की पडदा काळा होतो, असे झाले तर कॉपी रोखणारी एचडीसीपी ही व्यवस्था आड येते आहे. मधला एखादा कन्व्हर्टर काढून थेट एचडीएमआय लावून बघा.

रिमोट

रिमोटच्या टोकाशी डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश देणारा एक छोटा दिवा असतो. तो प्रकाश प्रोजेक्टरच्या ‘डोळ्या’वर पडला पाहिजे. हा डोळा पुढे असतो, बऱ्याच यंत्रांत मागेही. मध्ये माणूस, लॅपटॉपचे झाकण किंवा फुलदाणी आली की हुकूम अडतो. गंमत म्हणजे पडद्याकडे रोख धरला तरी काम होते, कारण हा प्रकाश पांढऱ्या पडद्यावरून परतून येतो. छतावरच्या प्रोजेक्टरसाठी हीच युक्ती सोपी. डोळ्यावर थेट ऊन पडत असेल तर मात्र प्रोजेक्टर रिमोटचे ऐकत नाही.

रिमोट चालतो की नाही हे बघायला फोनचा कॅमेरा उघडा, रिमोटचे टोक त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. फोनच्या पडद्यावर जांभळट ठिणगी दिसली तर रिमोट ठीक. मागच्या कॅमेऱ्यात काही दिसले नाही तर पुढच्या कॅमेऱ्याने बघा, काही फोनचे मागचे कॅमेरे हा प्रकाश गाळून टाकतात. नव्या छोट्या रिमोटमध्ये चपटा सेल असतो आणि त्यातून एक पारदर्शक पट्टी बाहेर डोकावत असते. ती ओढून काढल्याशिवाय रिमोट सुरूच होत नाही. यंत्र बरेच दिवस ठेवून द्यायचे असेल तर सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरतात.

बटणांपैकी ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ सगळ्यात महत्त्वाचे. दाबल्यावर पोर्टांची यादी येते; केबल एचडीएमआय २ मध्ये असेल तर एचडीएमआय २ च निवडायचे. यादी दिसल्यावर घाईघाईने पुन्हा पुन्हा दाबू नका. प्रत्येक पोर्ट तपासायला यंत्राला काही सेकंद लागतात, आणि घाईत बरोबर पोर्ट पुढे निघून जातो.

‘ब्लँक’ किंवा ‘एव्ही म्यूट’ हे आमचे आवडते बटण. चर्चा सुरू झाली, लोकांनी पडद्याकडे न बघता वक्त्याकडे बघावे असे वाटले की ते दाबा, चित्र आणि बहुतेक यंत्रांत आवाजही तात्पुरता जातो. त्यासाठी भिंगापुढे वही किंवा हात धरण्याची सवय मात्र सोडा. तिथला प्रकाश कागद आणि प्लास्टिक तापवण्याइतका तीव्र असतो. ‘फ्रीझ’ दाबल्यावर पडद्यावरचे चित्र गोठते आणि लॅपटॉपवर तुम्ही निवांत फाइल शोधू शकता. पण फ्रीझ लावल्याचे विसरले की लॅपटॉपवर स्लाइड पुढे जाते, पडद्यावर हलत नाही, आणि सगळा दोष केबलवर येतो.

‘ऑटो’ बटण व्हीजीएचे चित्र मध्यावर आणण्यासाठी असते. एचडीएमआयवर त्याचा उपयोग नाही. ‘पेज अप’ आणि ‘पेज डाउन’ बटणांनी स्लाइड बदलायच्या असतील तर ती सोय असलेल्या यंत्रांत प्रोजेक्टरपासून लॅपटॉपपर्यंत एक यूएसबी वायर लावावी लागते, कारण वर म्हटल्याप्रमाणे रिमोटला लॅपटॉप ओळखत नाही. चित्र उलटे किंवा आरशातल्यासारखे दिसत असेल तर मेनूमधले ‘प्रोजेक्शन’ तपासा. समोरून, मागून आणि छतावरून असे पर्याय तिथे असतात.

बंद करताना घाई नको

बंद करायचे बटण बहुतेक यंत्रांत दोनदा दाबावे लागते. पहिल्यांदा यंत्र ‘खरेच बंद करू का?’ असे विचारते. त्यानंतर पंखा काही वेळ फिरत राहतो. दिव्याच्या प्रोजेक्टरमध्ये पाऱ्याच्या वाफेचा, आतून प्रचंड दाब असलेला दिवा असतो, आणि पंखा त्याला हळूहळू थंड करतो. लगेच वीज तोडली तरी चालेल असे यंत्राच्या पुस्तकात लिहिलेले नसेल तर पंखा थांबेपर्यंत भिंतीवरचा स्विच बंद करू नका आणि गरम यंत्र पिशवीत कोंबू नका. वीज अचानक गेली आणि लगेच परत आली तर दिवा काही मिनिटे पेटत नाही. तो निवल्यावरच पुन्हा पेटतो, तोवर बटणे दाबत बसू नका. एलईडी आणि लेझरच्या यंत्रांना ही अडचण फारशी नसते.

साध्या दिव्याचे आयुष्य साधारण ३,००० ते ५,००० तास, लेझरचे सुमारे २०,००० तास धरतात. ‘इको’ मोडमध्ये उजेड थोडा घटतो आणि दिवा जास्त टिकतो; पडदे ओढता येणाऱ्या खोलीत आम्ही इकोच सुचवतो. जाळीमागे फिल्टर असेल तर तो काढून मऊ ब्रशने धूळ झटका. भिंग मात्र कॅमेऱ्याच्या भिंगासाठी मिळणाऱ्या कापडानेच पुसा, आणि दिवा चालू असताना त्यात डोकावू नका.

एवढे करूनही अडले तर आम्हाला फोन करा. फोन लावण्याआधी तळाशी चिकटवलेल्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक, मेनूच्या माहितीच्या पानावरचे दिव्याचे तास, आणि यंत्रावरचे छोटे इंडिकेटर कोणत्या रंगाचे आहेत व स्थिर आहेत की लुकलुकत आहेत, एवढे बघून ठेवा. मेनू पडद्यावर दिसतो का, हा आमचा पहिला प्रश्न असेल.