दोन टनांचा ट्रॅक्टर ट्रकवर घसरतो तो का?

पाडव्याला, दसऱ्याला नवे ट्रॅक्टर ट्रकवरून गावात येतात. बिघडलेले जुने तर वर्षभर असेच गॅरेजला जात असतात. बांधायची वेळ आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "दोन टनांचं धूड आहे, ते कशाला हलतंय? गिअरमध्ये टाका, हॅण्डब्रेक ओढा आणि वरून एक दोर मारा." ही समजूत चुकीची आहे आणि ती का चुकते हे शाळेतल्या भौतिकशास्त्रावरून समजतं.

ट्रकने ब्रेक मारला की ट्रक थांबतो, पण वरचा ट्रॅक्टर जडत्वामुळे पुढे जाऊ पाहतो. त्याला अडवतं ते टायर आणि फाळका, म्हणजे ट्रकचा तळ, यांच्यातलं घर्षण. वजन जास्त तर घर्षण जास्त, हे खरं. पण वजन जास्त तर जडत्वही तेवढंच जास्त. घर्षणाचं बल म्हणजे घर्षणांक (दोन पृष्ठभाग एकमेकांना किती धरतात याचा आकडा) गुणिले वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण आणि थांबवायला लागणारं बल म्हणजे वस्तुमान गुणिले ब्रेकचं मंदन, म्हणजे वेग कमी होण्याचा दर. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना वस्तुमान आहे, ते कटून जातं. म्हणजे ट्रॅक्टर दोन टनांचा असो की पाच, घसरायचा क्षण तोच. ठरवतो तो फक्त घर्षणांक. रबर आणि कोरडं लोखंड यांच्यात तो ०.५ धरू. चिखल, डिझेल किंवा ग्रीस सांडलेलं असेल तर निम्म्याहूनही खाली जातो.

आता ट्रॅक्टरची खास अडचण. त्याचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, पुढची चाकं मोकळी फिरतात. ४५-५० अश्वशक्तीच्या टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरचं साधारण ६२ टक्के वजन मागच्या चाकांवर असतं, त्यामुळे घर्षण तेवढ्याच वजनाचं मिळतं. त्यातही ट्रॅक्टरचं तोंड ट्रकच्या केबिनकडे असेल, तर ब्रेक लागताच वजन पुढच्या, म्हणजे मोकळ्या चाकांवर सरकतं. गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे ७५ सेंटिमीटरवर आणि दोन आसांतलं अंतर १९५ सेंटिमीटर धरून हिशेब केला, तर गुरुत्वत्वरणाच्या ०.२६ पट मंदनाला ट्रॅक्टर घसरू लागतो. कोरड्या रस्त्यावर ट्रकचा करकचून मारलेला ब्रेक याच्या दुपटीहून जास्त मंदन देतो. तोंड मागे करून ट्रॅक्टर उभा केला तर वजन ब्रेकच्या चाकांवर सरकतं आणि आकडा ०.३८ होतो. सुधारणा आहे, पण पुरेशी नाही. राहिलेलं काम साखळीचं.

अमेरिकेतल्या माल बांधण्याच्या नियमांत पुढच्या दिशेने गुरुत्वत्वरणाच्या ०.८ पट आणि मागे व बाजूंना ०.५ पट झटका सोसला पाहिजे, असं म्हटलं आहे. हेच माप घेऊ. दोन टनांना १,६०० किलोचा रेटा येतो. केबिनकडे तोंड असलेल्या ट्रॅक्टरचं घर्षण त्या क्षणी जेमतेम ३१० किलो भरतं. उरलेले सुमारे १,२९० किलो मागच्या दोन साखळ्यांनी ओढून धरायचे, म्हणजे प्रत्येकीने ६४५.

पण साखळी तिरकी असते. तिच्या ताणाचा फक्त आडवा घटक ट्रॅक्टरला मागे धरतो. साखळी फाळक्याशी ४५ अंशांत आणि वरून पाहता ट्रकच्या लांबीशी ३० अंशांत असेल, तर ताणाचा ०.६१ एवढाच भाग कामाला येतो, म्हणजे प्रत्येक साखळीत साधारण १,०६० किलो ताण. तीच साखळी ७० अंशांत उभी ओढली, तर ताण २,१८० किलोंवर जातो. ग्रेड ७० (साखळीच्या पोलादाच्या ताकदीची प्रत) च्या ८ मिलिमीटर साखळीची सुरक्षित मर्यादा आहे सुमारे २,१३० किलो. साखळी तीच, माणसं तीच, फक्त हूक ट्रॅक्टरच्या जवळ अडकवल्यामुळे मर्यादा ओलांडली. म्हणून साखळी लांब आणि आडवी घ्या, ४५ अंशांहून उभी नको. कड्यांवर ७ किंवा ७० चा ठसा बघा. विहिरीची किंवा गुरांची साखळी या कामाची नाही.

बॉनेटवरून टाकलेला दोर तर फक्त खाली दाबतो. हाताने आवळलेल्या रॅचेट बेल्टमध्ये साधारण ३०० किलो ताण येतो. दोन्ही बाजूंचे मिळून ६००. त्याला घर्षणांकाने गुणलं की हाती फार तर ३०० किलो. शिवाय नायलॉनचा दोर ताणला जातो. ट्रॅक्टर आधी वेग घेतो आणि मग दोराला झटका देतो.

चार कोपऱ्यांना चार स्वतंत्र साखळ्या लावा. मागे ड्रॉबारच्या ब्रॅकेटला किंवा मागच्या आसाच्या हाउसिंगला, पुढे वजनं अडकवायच्या ब्रॅकेटला किंवा आसाच्या तुळईला. स्टिअरिंगचे दांडे, लिफ्टचे हात, हायड्रॉलिकच्या नळ्या यांना कधीच नको. टर्नबकलने (साखळी ताणायच्या आट्यांच्या स्क्रूने) आवळताना टायर किंचित दबतील इतकं आवळा. टायर म्हणजे स्प्रिंगच. खड्ड्यात ट्रॅक्टर खाली दबला की सैल साखळी क्षणभर लोंबते आणि हूक निसटतो. पहिल्या १५-२० किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळा, कारण तोवर कड्या एकमेकींत बसलेल्या असतात. रोटाव्हेटर फाळक्यावर टेकवून त्याला वेगळी साखळी.

चाकाला लावलेली वीटही फसवते. ०.८ पट झटक्यात चाक ठोकळ्यावर चढू नये म्हणून ठोकळ्याची उंची चाकाच्या त्रिज्येच्या किमान २२ टक्के हवी. मागच्या मोठ्या चाकाला ती १४ सेंटिमीटर होते. वीट याच्या निम्मीच आणि शिवाय फुटते. लाकडी ठोकळा फाळक्याला ठोकून बसवा.

अपघात झाल्यावर "वेळच वाईट होती" म्हणतात. नारळ जरूर फोडा, पण वेळेला दोष देण्याआधी साखळीचा कोन मोजा.

चढवताना उतार १५ अंशांच्या आत ठेवा आणि डावा-उजवा ब्रेक पट्टीने जोडून घ्या, नाहीतर एकाच पेडलवर ट्रॅक्टर फळीवरून बाजूला वळतो. जमेल तिथे रिव्हर्सने चढवा. पुढे तोंड करून चढताना मागचं चाक अडलं आणि क्लच झटक्यात सुटला, तर इंजिन चाकाऐवजी ट्रॅक्टरच आसाभोवती फिरवतं. तो मागे उलटायला दीड सेकंदही लागत नाही. रिव्हर्समध्ये हीच प्रतिक्रिया पुढची चाकं खाली दाबते आणि उतरतानाही तोंड पुढे राहतं. चाक ट्रॅक्टरला जितक्या जोराने चढवतं तितक्याच जोराने फळीला मागे रेटतं. १५ अंशांवर हा रेटा अर्ध्या टनाचा असतो. म्हणून फळ्या ट्रकला साखळीने बांधलेल्या हव्यात आणि मागे कुणीही उभं नको. तोंड मागे असलेल्या ट्रॅक्टरच्या बॉनेटला वारा उचलतो, तेव्हा त्याची खिट्टी बांधा. टर्बो इंजिन असेल तर सायलेन्सरचं तोंड झाका : वाऱ्याने टर्बो फिरत राहतो आणि बंद इंजिनात त्याच्या बेअरिंगला तेल पोचत नाही.