‘उपचारखर्च’ म्हणजे नेमकं काय? वर्गणीच्या वहीपासून क्यूआर कोडपर्यंत

आजारपणासाठी पैसे उभे करणं कोकणाला नवं नाही. वाडीची वर्गणी, मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाची मदत, मनीऑर्डर, नाहीतर गावी निघालेल्या चाकरमान्याच्या हाती दिलेलं पाकीट. नोंद एका वहीत आणि देणारा-घेणारा ओळखीचा. अर्थात, भावकीत ज्याचं वाकडं, त्याच्यासाठी ती वही उघडेलच असं नव्हतं.

२०१६ मध्ये यूपीआय आलं आणि वही मोबाइलमध्ये गेली. जानेवारी २०१८ पासून गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं, तेव्हा सावंतवाडी-दोडामार्गकडच्या घरांना त्याची झळ बसली. महाराष्ट्र सरकारच्या आरोग्य योजनेचं छत्र तेव्हा दीड लाखाचं होतं. ते पाच लाखांवर नेण्याचा निर्णय २०२३ चा.

आता व्हॉट्सॲपवर पोस्टर फिरतं: रुग्णाचा फोटो, रुग्णालयाचं अंदाजपत्रक, खाली क्यूआर कोड. त्यावर तारीख नसते, म्हणून रुग्ण घरी आला किंवा दगावला तरी ते फिरतच राहतं. कोड घरच्या बचत खात्याचा असेल आणि सायबर तक्रारीत अडकलेली एखादी रक्कम त्यात आली, तर खात्यातले पैसे गोठू शकतात, तेही डिपॉझिट भरायच्या दिवशी. शिवाय नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात एकूण ५०,००० रुपयांच्या वर पैसे आले, तर ती सगळीच रक्कम आयकरात उत्पन्न धरली जाते. कोविडच्या उपचारांना २०२२ मध्ये सूट मिळाली, कॅन्सरला नाही. म्हणून रुग्णाचा नोंदणी क्रमांक टाकून थेट रुग्णालयाच्या खात्यात भरणा करावा आणि पावती गटावर टाकावी, हे बरं.

पण खरी भांडणं ‘उपचारखर्च’ या शब्दावरून होतात. देणाऱ्याला तो म्हणजे रुग्णालयाचं बिल वाटतं. घरच्यांच्या हिशेबात दोन केमोंच्या मधले तीन आठवडे मुंबईत काढायची खोली असते, सोबतच्या माणसाचं जेवण असतं, आठवड्याला दोन-तीनदा डायलिसिसला जायचं रिक्षाभाडं असतं. आजारी माणूस खलाशी असेल तर मोसम बुडतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदीचे दोन महिने तसेही बिनकमाईचे. आणि पहिलं डिपॉझिट सोनं गहाण ठेवून भरलेलं असेल तर? जमलेल्या पैशातून ते सोडवलं की गटावर कुजबुज सुरू होते. डिपॉझिटची पावती आणि गहाणाची चिठ्ठी तारखेने जुळत असतील, तर तो उपचारखर्चच. यात संशय घेण्यासारखं काही नाही.

रुग्ण गेला आणि पैसे उरले की शब्द आणखी ताणला जातो. शंभर-शंभर रुपये आठशे जणांना परत करणं कागदावर सोपं. प्रत्यक्षात एकेक व्यवहार शोधत बसावं लागतं, आणि ते सुतकातल्या घराने करायचं. परस्पर दुसऱ्या रुग्णाला दिले तर ‘आम्ही याच्यासाठी दिले होते’ हा आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. घरच्यांकडे ठेवले तर वर्षभर त्यांच्या नव्या गाडीकडेही लोक वेगळ्या नजरेने बघतात.

हा निर्णय पोस्टर काढतानाच करून त्यावर छापावा: ‘शिल्लक रकमेतून आधी या आजारपणाचं कर्ज फिटेल, उरलेलं तालुक्यातल्या पुढच्या रुग्णाला.’ सोबत तारीख आणि किती जमल्यावर कोड बंद होईल तो आकडा.