रात्री दात खाता? मग दिवसा जबडा सैल सोडायला शिका

सकाळी उठल्यावर कानशिलं ठणकतात, जांभई देताना जबडा आखडतो, थंड पाण्याने दात शिवशिवतात किंवा घरातलं कोणी म्हणतं की रात्रभर तुमचा करकर आवाज येत होता, असं काही असेल तर एकदा येऊन दात दाखवून जा. घरीच बघायचं तर आरशासमोर गाल ओढून बघा, गालाच्या आतल्या बाजूला, दात मिटतात त्या रेषेत पांढरट आडवी रेघ दिसते का, जिभेच्या कडेला दातांचे ठसे आहेत का, सुळ्यांची टोकं सपाट झालीत का. इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, एकदा झिजलं की परत येत नाही, म्हणून आम्ही एवढे मागे लागतो.

बऱ्याच जणांना वाटतं नाईट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर घालायचं कव्हर, बनवला की काम झालं. गार्ड हवाच, तोही तुमच्या दातांचं माप घेऊन बनवलेला, पण तो दात वाचवतो, सवय मोडत नाही. ऑनलाइन मिळणारे मऊ गार्ड तर काही जण झोपेत चावत बसतात आणि जबडा अजून दुखतो.

टेन्शनमध्ये खूप लोक दिवसाही दात आवळून बसतात आणि पत्ताच नसतो. साहेबांचा मेल वाचताना, पोराचा अभ्यास घेताना, ईएमआयची तारीख जवळ आली की. आत्ता हे वाचताना तुमचे वरचे-खालचे दात टेकलेत का बघा बरं. टेकायला नकोत, ते फक्त चावताना-गिळताना. एरवी ओठ मिटलेले, दात सुटे आणि जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे हलकंसं लावलेलं. दिवसभर हे लक्षात कसं राहणार? लोकलमध्ये स्टेशन आलं की जबडा सोडायचा, कुर्ला आलं सोडा, सायन आलं सोडा, माटुंगा आलं परत सोडा, आणि ऑफिसात फोन वाजला की आधी जबडा सैल, मग हॅलो. रात्री झोपेत काय होतं ते आपल्या हातात नाही, पण दिवसाचं नक्की आहे.

संध्याकाळनंतरची कटिंग आणि कॉफी बंद करा, कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण 5 तास लागतात. दारू-सिगरेटनेही हा त्रास वाढतो. झोपण्याआधी गरम पाण्यात पिळलेला नॅपकिन दोन्ही गालांवर, कानाच्या जरा पुढे आणि खाली, 10 मिनिटं धरा, मग दात आवळल्यावर तिथे जो स्नायू फुगतो तो बोटांनी गोल गोल हळू चोळा, 4 आकडे मोजत श्वास आत, 6 मोजत बाहेर. ऑफिसचा ग्रुप म्यूट करा आणि उद्याची कामं डोक्यात घोळवण्यापेक्षा कागदावर उतरवून ठेवा.

जोरात घोरत असाल आणि दिवसा पेंग येत असेल तर स्लीप अॅप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास मधेमधे थांबण्याच्या त्रासाची, तपासणी करून घ्या. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही दात खाणं सुरू होतं, पण गोळी मनाने बंद करू नका, ज्यांनी दिली त्या डॉक्टरांशी बोला. मनावरचा ताण झेपेनासा झाला असेल तर सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, 24 तास फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं, त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

पोरं दात खातात म्हणून लगेच जंतांचं औषध देऊ नका, नुसत्या दात खाण्यावरून जंत ठरत नाहीत, बहुतेक मुलांचं पक्के दात येता येता आपोआप कमी होतं.

गार्ड वापरत असाल तर पुढच्या व्हिजिटला डबीत घालून घेऊन या, त्यावरच्या घासलेल्या खुणा बघून रात्री कुठल्या बाजूला जास्त जोर पडतोय ते आम्हाला कळतं.