इलेक्ट्रिक ब्लँकेट: ऊब वेळेवर थांबवण्याचा इतिहास

इलेक्ट्रिक ब्लँकेट निवडताना बहुतेक जण आधी कापड चाचपून बघतात, मग आकार आणि वॅट. कंट्रोलरकडे लक्ष जातं ते सगळ्यात शेवटी. माझ्या मते हा क्रम उलटा हवा, आणि त्याचं कारण या वस्तूच्या इतिहासात आहे. विजेने तार तापते हे माहीत होऊन फार काळ लोटला होता. झोपलेल्या माणसाच्या अंगाखालची तार रात्रभर हव्या तेवढीच गरम कशी ठेवायची, हा खरा अवघड प्रश्न होता. पुढचे जवळजवळ सगळे बदल त्यातूनच झाले.

विजेच्या आधी युरोपातल्या थंड घरांत अंथरूण गरम करायला लांब दांड्याचं, झाकणाचं तांब्याचं किंवा पितळी भांडं असे. त्यात निखारे घालून ते चादरींमधून फिरवायचं. हात जरा थांबला की कापड करपायचं. या भांड्याने राजकारणातही नाव कमावलं. 1688 मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स याला मुलगा झाला, तेव्हा हे मूल राणीचं नाहीच, अंथरूण गरम करायच्या भांड्यातून लपवून आणलंय, अशी अफवा विरोधकांनी पसरवली. त्याच वर्षी जेम्सला देश सोडावा लागला. पुढे चिनीमातीच्या बाटल्या आल्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गरम पाण्याची रबरी पिशवी. या सगळ्या साधनांत एक गोष्ट सारखी होती: ती आपोआप थंड होत. निखारे विझतात, पाणी कोमट होतं. वीज मात्र कोणी बंद करेपर्यंत तार तापवतच राहते.

तारेतून प्रवाह गेला की किती उष्णता निर्माण होते, याचा नियम जेम्स जूलने 1841 मध्ये मांडला होता. पण रोज तापून, रोज थंड होऊनही जळून न जाणारी तार हवी होती. ती अल्बर्ट मार्शच्या निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूने दिली. नायक्रोम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या धातूचं पेटंट 1906 चं आहे. तापल्यावर त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ, चिवट थर बसतो आणि आतला धातू हवेपासून वाचतो. इस्त्री, टोस्टर, शेगडी ही सगळी या तारेची कमाई. 1912 मध्ये सिडनी रसेल या अमेरिकी डॉक्टरने अंथरुणात ठेवायची विजेची गादी तयार केली. ती जाडजूड होती आणि मुख्यतः रुग्णांसाठी होती.

तिला पहिलं खरं गिऱ्हाईक मिळालं ते क्षयाच्या सॅनेटोरियममध्ये, म्हणजे क्षयरोग्यांना ठेवायच्या आरोग्यधामात. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध 1943 चा. त्याआधी क्षयावर नेमकं औषध नव्हतं. विश्रांती, सकस आहार आणि मोकळी थंड हवा हेच उपचार. स्वित्झर्लंडमधलं दाव्होस किंवा न्यूयॉर्क राज्यातलं सॅरानॅक लेक अशा ठिकाणी रुग्ण हिवाळ्यातही उघड्या सज्जात पडून राहत. फुप्फुसांना गार हवा द्यायची पण अंग गारठू द्यायचं नाही, या गरजेला विजेची ऊब अगदी जुळणारी होती. शिवाय तिथे लक्ष ठेवायला परिचारिका असत. घरी मध्यरात्री ते काम कोण करणार? म्हणून 1936 च्या सुमारास अमेरिकेत थर्मोस्टॅट जोडलेली ब्लँकेटं आली. पलंगाशेजारच्या डब्यातला थर्मोस्टॅट खोलीचं तापमान पाहून तारांचा प्रवाह चालू-बंद करी.

मग दुसरं महायुद्ध आलं, आणि या तंत्राची सगळ्यात कठोर परीक्षा आकाशात झाली. अमेरिकी बॉम्बफेकी विमानं 25,000 फुटांच्या आसपास उडत. आत हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती, बाजूच्या मशीनगनसाठीच्या खिडक्या उघड्या असत आणि तापमान उणे 40 अंश सेल्सियसच्याही खाली जाई. इंग्लंडमधून लढणाऱ्या आठव्या हवाई दलात सुरुवातीच्या काळात हिमदंशाने उड्डाणाबाहेर गेलेल्यांची संख्या शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेल्यांपेक्षा मोठी होती. जनरल इलेक्ट्रिकने त्यांच्यासाठी विजेवर तापणारे सूट बनवले. पहिल्या सूटमध्ये तारांची एकसर जोडणी होती. हातमोज्यातली एक तार तुटली की अख्खा सूट थंड पडायचा. नंतरच्या सूटमध्ये समांतर जोडणी आली, म्हणजे एक तार तुटली तरी बाकीच्या तापत राहत. सतत वाकणाऱ्या, घामाने ओल्या होणाऱ्या कापडात तार कशी टिकवायची, हे त्या कामातून उमगलं आणि युद्धानंतर ते ज्ञान घरगुती ब्लँकेटांत उतरलं. ‘इलेक्ट्रिक ब्लँकेट’ हे नाव रुळलं तेही 1950 च्या दशकात.

त्या काळच्या ब्लँकेटांत जागोजागी शिवलेले छोटे थर्मोस्टॅट असत. प्रत्येकात दोन धातूंची पट्टी. तापली की वाकते आणि प्रवाह तोडते. हाताला गाठी लागत, पण खरी अडचण वेगळी होती. दोन गाठींच्या मधल्या भागात घडी पडली, तर तिथे साचलेली उष्णता कोणत्याच पट्टीपर्यंत पोचत नसे. घडी घालून वापरू नका, पिना टोचू नका या सूचनांचं मूळ तिथे आहे. पुढे तारेच्या संपूर्ण लांबीभर तापमान जाणणारी दुसरी तार आली: दोन तारांमधला थर कुठेही प्रमाणाबाहेर तापला की कंट्रोलर प्रवाह बंद करतो. 1980 च्या दशकात आणखी एक सुंदर उपाय आला. दोन वाहकांच्या मध्ये असं प्लॅस्टिक घातलं, की ते जितकं तापेल तितका त्याचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, वाढतो. घडी पडलेली जागा आपणच वीज कमी घेऊ लागते. मला या सगळ्या प्रवासात हा टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो.

दरम्यान दोन रीती पडल्या. अमेरिकेत ब्लँकेट पांघरायचं, ब्रिटनमध्ये गादीवर पसरून त्यावर चादर घालायची. गादी खालून उष्णता अडवते, पांघरूण वरून, त्यामुळे अंथरायच्या ब्लँकेटला कमी वीज पुरते. एका माणसाच्या ब्लँकेटला साधारण 60 ते 100 वॅट लागतात, आणि झोपलेला प्रौढ माणूस स्वतः 70-80 वॅट उष्णता देत असतो. 100 वॅटचं ब्लँकेट पूर्ण जोरात चाललं तरी एक युनिट संपायला 10 तास लागतात. 2,000 वॅटचा हीटर तेवढी वीज अर्ध्या तासात खातो. पांघरायच्या ब्लँकेटवर मात्र जाड रजई टाकायची नसते, कारण त्याची रचना थोडी उष्णता बाहेर जाईल असं धरून केलेली असते.

विजेच्या तारांभोवतीचं चुंबकीय क्षेत्र तब्येतीला घातक असेल ही भीती कुठून आली, तेही सांगायला हवं. 1979 मध्ये नॅन्सी वर्थायमर आणि एड लीपर या संशोधकांनी अमेरिकेतल्या डेन्व्हरमधल्या मुलांचा रक्ताचा कर्करोग आणि घराजवळच्या वीजवाहिन्या यांत संबंध दिसतो असं मांडलं. 1986 मध्ये त्यांनी इलेक्ट्रिक ब्लँकेट आणि गर्भाची वाढ यांच्याकडे मोर्चा वळवला. उत्पादकांनी मग जाणारा आणि परतणारा प्रवाह शेजारीशेजारी वाहील अशी तारांची रचना केली, म्हणजे दोन्ही क्षेत्रं एकमेकांना बरीचशी पुसून टाकतात. 2002 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अशा क्षेत्रांना ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात ठेवलं. पुरावा अपुरा आहे पण विषय बंद झालेला नाही, असा त्याचा अर्थ.

2022 च्या हिवाळ्यात युरोपात इंधन महागलं आणि चिनी कारखान्यांकडे ब्लँकेटांची मागणी वाढली. अख्खं घर तापवण्यापेक्षा फक्त अंथरूण तापवणं परवडतं, हा जुनाच हिशेब लोकांना पुन्हा पटला.

म्हणून निवडताना मी आधी जास्त तापल्यावर वीज तोडण्याची सोय पाहीन, मग ठरावीक तासांनी बंद करणारा टायमर, मग दोघांसाठी दोन वेगळे कंट्रोलर, आणि धुण्यासाठी वायर सुटी होते का ते. आयईसी 60335-2-17 हे या उपकरणांचं आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानक. त्यानुसार चाचणी झाल्याचा उल्लेख शोधावा. दहाएक वर्षं वापरलेलं ब्लँकेट वरून कितीही नवं दिसलं तरी बदलावं, कारण आतली तार वाकून वाकून थकलेली असते. आणि एक मर्यादा अजून कोणत्याही कंट्रोलरने ओलांडलेली नाही. तो तारेचं तापमान मोजतो, त्वचेचं नाही. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्या माणसाला चटका कळत नाही, तान्ह्या बाळाला अंगावरून काही सारता येत नाही, आणि ज्याला स्वतः बटण दाबता येत नाही त्याचीही तीच स्थिती. अशांचं अंथरूण आधी तापवून घ्यावं आणि ते आत झोपण्यापूर्वी प्लग काढावा.