घोडा जी५ ला आला की काय करायचं

परवा रंकाळ्यावर भाचा मोबाईलवर बुद्धिबळ खेळत बसलेला, वैतागून म्हणाला, "मामा, हा घोडा जी५ ला आला की मी हरतोच बघ." नवशिक्या पोरांचं हे नेहमीचं दुखणं आहे.

डाव असा असतो (अक्षर म्हणजे पटाची उभी रांग, आकडा म्हणजे आडवी; नुसतं ई४ म्हणजे प्यादं ई४ ला; आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची). ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६, याला टू नाइट्स डिफेन्स म्हणतात. चौथ्या चालीला पांढरा घोडा जी५ वर येतो आणि एफ७ च्या प्याद्यावर उंट अन् घोडा दोघांची नजर, राखायला मात्र एकटा राजा. बरेच जण डी५ खेळून उंटाची वाट अडवतात, ते बरोबरच आहे, पण दुसरी एक चाल आहे जी मला मनापासून आवडते : एफ७ सोडून द्यायचं आणि आपला उंट सी५ ला काढायचा. हा ट्राक्सलर काउंटरअटॅक.

वेडेपणा वाटतो ना? पण पांढऱ्याचं एफ२ पण तसंच आहे की, तिथंही राखायला एकटा राजाच. आणि पटावर वेळ चालींत मोजायची असते. पांढऱ्यानं घोड्यानं एफ७ खाल्लं की वजीर आणि हत्ती दोन्ही एकदम माऱ्यात येतात, बघून छातीत धस्स होतं, पण त्या एका घोड्यानं तीन चाली खाल्ल्यात आणि वजिराच्या बाजूचं सगळं सैन्य अजून घरात बसलंय. खासबागेत पैलवान पट काढायला पुढं झेपावला की त्याचा तोल गेलेला असतो, तस्संच. काळा उंट एफ२ वर घुसून शह देतो, राजानं तो खाल्ला तर घोडा ई४ खाऊन परत शह, राजा जी१ ला गेला की वजीर एच४ ला आणि पुढच्या चालीला एफ२ वर मात. पांढऱ्याला जी३ करावंच लागतं, तर घोडा तेही खातो.

कारेल ट्राक्सलर हे चेक पाद्री, 1890 साली राइनिश नावाच्या खेळाडूविरुद्ध त्यांनी ही चाल खेळली, वजीर देऊन टाकला आणि पांढऱ्या राजाला पार पटाच्या दुसऱ्या बाजूला ओढत नेऊन मात केली. तो डाव एकदा पटावर मांडून बघाच, मोबाईलवर नको, हातानं सोंगट्या हलवून.

आता खरं सांगायचं तर कॉम्प्युटरला हे फारसं पटत नाही. पांढऱ्यानं घोड्याऐवजी उंटानं एफ७ खाऊन शह दिला की राजा सहसा ई७ ला येतो, कॅसलिंग (राजाला हत्तीच्या आडोशाला नेणं) गेलं, प्यादं गेलं, आणि उंट बी३ ला मागं गेला की पांढराच सरस. तरी काळ्याला एफची फाइल, म्हणजे उभी रांग, मोकळी मिळते, हत्ती एफ८ ला आणि वजीर ई८ वरून जी६ कडे नेता येतो. भाच्याला आधी हीच लाईन पाठ करायला लावलीय, वजीर देण्याची मजा नंतर.